फक्की, फीत आणि शिट्टी

शुक्रवार, संध्याकाळ. बडोदे.

उद्या सहाला उन्हाळी स्पर्धेची निवड चाचणी. खो-खोच्या मैदानाला पाणी आजच मारायला हवं. रात्रभर माती ओल पिते, पहाटे रूळ फिरवला की घट्ट बसते. सकाळी पाणी मारलं तर वर चिखलाची साय आणि खाली दगड. पहिलाच सूर मारताना कोपर सोलून निघतं.

आखणी २७ बाय १६ मीटर. चारही बाजू बरोबर आल्या म्हणून मैदान काटकोनात आलं असं होत नाही. कर्ण मोजावेत, दोन्ही ३१.३८ मीटर यायला हवेत. एक लांब, दुसरा आखूड आला की समजावं, मैदानाची शंकरपाळी झाली आहे. मग खांबामागे एका कोपऱ्यात संरक्षकाला फुकटची जागा मिळते. खांब हलवूनही पाहावा. आक्रमक त्याच्या आधाराने वळतो. तो डुगडुगला की वळणच फसतं.

रेषा आखायची फक्की चुन्याची नको. घामावर चुना लागला की कातडी भाजते, आणि सूर मारणाऱ्याच्या तो डोळ्यांत जातो. खडूची भुकटी महाग पडते, पडू दे.

शनिवार, सकाळ.

आधार, जन्मदाखला, फोटो, प्रत्येकाची एक झेरॉक्स. कागदाअभावी रांगेतून परत जाणारे दरवेळी दोन-चार असतातच.

खो-खोत सगळ्यांच्या नजरा सूर मारणाऱ्यावर. खरं पाहायचं ते बसलेल्या आठांकडे. तयारीच्या खेळाडूची टाच उचललेली, बोटांची टोकं जमिनीला, मान आक्रमकाकडे. कच्चा खेळाडू पूर्ण तळव्यावर बसतो आणि खो मिळाल्यावर आधी मागे झुकतो, मग उठतो. तेवढ्यात संरक्षक पलीकडे. दुसरी खोड याच्या उलट, खो मिळायच्या आधीच उठायची. तो फाउल आहे, चाचणीत शिट्टी वाजलीच पाहिजे. ‘जाऊ दे, पोरगा चपळ आहे’ म्हणून सोडलं तर तो स्पर्धेत सगळ्या संघाला महागात पडतो.

संरक्षणाचे नुसते सेकंद लिहून भागत नाही. तीन-तीनच्या तुकड्या आत जातात. तिसऱ्या तुकडीला दमलेले आक्रमक मिळतात. म्हणून प्रत्येकाला एकदा तरी पहिल्या तुकडीत पळवावं आणि तेच आकडे एकमेकांशी ताडून पाहावेत.

१०० मीटर. शेवटच्या रेषेवर उभं राहून पिस्तुलाचा आवाज ऐकून घड्याळ दाबलं तर आवाज पोचेपर्यंत जवळजवळ ०.३ सेकंद गेलेले असतात, म्हणजे धावपटू तेवढा वेगवान दिसतो. धूर पाहून दाबायचं. हातघड्याळाची वेळ नेहमी वरच्या दशांशात लिहितात: १२.३१ म्हणजे १२.४. तिघांनी वेळ घेतली आणि तिन्ही वेगळ्या आल्या तर मधली धरायची. मोबाइलच्या घड्याळावर तर भरवसाच नको. वेगवेगळ्या शर्यतींतल्या वेळा जुळवून एका दशांशावर कुणाला वगळणं चूक. त्या दोघांना एकाच शर्यतीत पळवावं.

लांब उडीत मेच्या उन्हाने वाळू बघता बघता सुकते. कोरडी वाळू कडेने ढासळते, खूण फळीकडे सरकते आणि उडी काही सेंटिमीटरने आखूड भरते. दर काही उड्यांनंतर पाणी शिंपडून फावड्याने सारखी करावी. फितीचं शून्य वाळूतल्या सर्वांत जवळच्या खुणेवर, आकडा फळीच्या रेषेवर वाचायचा, फीत रेषेला काटकोनात. कापडी फीत ओढली की ताणते, स्टीलची घ्यावी. ५.६७८ आलं तर ५.६७ लिहायचं, वर नाही.

याच बडोद्यात १९२३ साली हिंद विजय जिमखान्याने हुतूतूचे नियम ठरवून स्पर्धा भरवली. कबड्डीची चाचणी मात्र आजही पुष्कळदा अंदाजाने काढलेल्या मैदानावर होते. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, मध्यरेषेपासून बॉक लाइन (चढाईवाल्याने ओलांडायलाच हवी ती रेषा) ३.७५ मीटरवर आणि तिच्या पलीकडे १ मीटरवर बोनस लाइन, म्हणजे जादा गुणाची रेषा. ती बोटभर जरी सरकली तरी बोनसवरून भांडण ठरलेलं.

नऊला मैदान पायाला भाजू लागलं. गोळाफेक संध्याकाळी पाचनंतर ठेवली. पुरुषांचा गोळा ७.२६ किलो, महिलांचा ४. दोन्ही आधी वजनकाट्यावर घालायचे, रंगाचे थर आणि झीज दोन्हीमुळे वजन हलतं. तोवर सरबत, मीठ-साखरेचं पाणी आणि सावली. सेव-उसळ दुपारी कुणी खाऊ नये, असं फळ्यावर लिहून ठेवलं आहे.