शब्दवही : ‘लाइद’ आणि गिळलेला ‘न’

या महिन्यात चार शब्द उरकायचे ठरवलं होतं, झाला एक. इंग्रजीतला ‘लाइद’ (lithe). बडोद्याच्या दांडिया बाजारात माणिकरावांच्या आखाड्यात पोरांचा मल्लखांब बघत उभा होतो. एकाने पाठ अशी वळवली की टाचा डोक्याला टेकल्या, आणि नुसतं ‘लवचीक’ म्हणून भागेना. लवचीक रबरही असतं. ‘लाइद’मध्ये अंगाचा डौलही येतो.

आधी चूक कबूल करतो. वहीत हा शब्द मी ‘लिथियम’, ‘लिथोग्राफ’ यांच्या पानावर टाकला होता. ते ग्रीक ‘लिथोस’चं, म्हणजे दगडाचं घराणं! वाकणारं अंग नेऊन दिलं कुठे, तर दगडांच्या घरी. पान फाडलं.

खरं कूळ जर्मॅनिक, म्हणजे इंग्रजी-जर्मन भाषांचं. जुन्या इंग्रजीत ‘लीथे’ म्हणजे मऊ, सौम्य. आठव्या शतकातला बीड हा भिक्षू सांगतो की जून-जुलैला इंग्रज ‘लीथा’ म्हणत, कारण तेव्हा वारा मंद आणि समुद्र शांत. (बडोद्याच्या जूनला हे नाव द्यायला कोणी धजणार नाही.) वाकण्याचा अर्थ मागाहून चिकटला. ‘लिसम’ (lissom) म्हणजे ‘लाइदसम’च (lithesome), पुढे झिजलेलं.

जर्मनमध्ये मात्र याचा भाऊ ‘लिंड’, लॅटिनमध्ये ‘लेंटस’. दोन्हीकडे ‘न’ आहे, इंग्रजीत नाही. माझ्या दोन रात्री इथेच गेल्या. इंग्रजीच्या पूर्वजांनी थ, फ, स यांच्या आधीचा ‘न’ गिळला आणि मागचा स्वर लांबवला. म्हणून जर्मन ‘फ्युन्फ’, पण इंग्रजी ‘फाइव्ह’. जर्मन ‘गान्स’, पण इंग्रजी ‘गूस’. यांचे आपल्याकडचे भाऊबंद पंच आणि हंस, अनुस्वार शाबूत.

शाबूत कसला! पंचाचा पाच आपणही केलाच की, आणि दंताचा दात. तोही स्वर लांबवूनच. आजोबांच्या जुन्या पत्रांत ‘पांच’, ‘दांत’ असं टिंब आहे. उच्चारातून ते केव्हाच गेलं होतं, १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी कागदावरूनही पुसलं.

काल रावपुऱ्यातून येताना गुजराती पाटी दिसली, ‘दांतनुं दवाखानुं’. टिंब ठसठशीत. घरी येऊन शेजारच्या बेनना म्हटलं, जरा ‘दांत’ म्हणून दाखवा. त्यांना वाटलं माझी दाढ दुखतेय. लवंग घेऊन आल्या, पण ‘दांत’ म्हणाल्या नाकातूनच.