बदकाचं घर आणि ८८ पेन्सचं बूच

२००९ साली आम्ही लंडनच्या हॅरो भागात राहत होतो आणि मी एका ऑफिसात हिशेबाच्या टेबलावर होते. लोकांची खर्चाची बिलं तपासायची, पावती जोडलेली नसेल तर परत पाठवायची. एकदा एका ड्रायव्हरचं दोन पौंड चाळीस पेन्सचं सँडविच मी असंच नामंजूर केलं. काही न बोलता त्यानं कागद घडी घालून खिशात ठेवला.

८ मेपासून 'डेली टेलिग्राफ'नं खासदारांच्या खर्चाच्या फायली छापायला घेतल्या. दुसरं घर चालवायला त्यांना भत्ता असे. दोनपैकी 'दुसरं' घर कोणतं हे काही जण सोयीनं बदलत आणि दोन्हींची डागडुजी सरकारी पैशांतून उरकून घेत. जेवणाखाण्याला महिन्याला ४०० पौंडांपर्यंत विनापावती. २००८ पर्यंत तर २५० पौंडांच्या आतल्या खर्चाला पावतीच लागत नव्हती. बसमध्ये हे वाचताना मला त्या ड्रायव्हरची घडी आठवली आणि पोटात कालवलं.

मे महिन्याच्या अखेरच्या दिवसांत एका शनिवारी यावर व्हिडिओ केला नसता तर मला झोप लागली नसती. पीटर व्हिगर्स या खासदारांनी तळ्यात तरंगणाऱ्या बदकांच्या घराचं १,६४५ पौंडांचं बिल लावलं होतं. गृहमंत्री जॅकी स्मिथ यांच्या खर्चात बाथटबचं ८८ पेन्सचं बूच होतं. नऊ वर्षांच्या मुलानं बुटांच्या खोक्याला पुठ्ठ्याचं छप्पर लावलं. थर्माकोलवर ठेवून ते आम्ही टबात सोडलं, दारात पिवळं रबरी बदक. त्यानं मोबाईल धरला, मी बूच ओढलं. पाणी गरगरत गेलं, घर कललं आणि तळाला बसलं. शेवटी पाटी: 'तुमच्या आमच्या पैशांतून'.

रात्री पुन्हा नीट वाचलं. बिल लावलं होतं खरं, पण खासदारांची बिलं तपासणाऱ्या संसदेच्या कार्यालयानं ते मंजूर केलं नव्हतं. पैसे त्यांनी स्वतःच भरले होते. साडेदहा वाजता नवी पाटी लिहिली: 'मागितले १,६४५, मिळाले शून्य'. बदक कितीही मोठं काढा, आकडा मात्र खराच हवा. दिवसभर दुसऱ्यांच्या बिलांत चूक शोधणाऱ्या माणसाला यात सूट नाही.

दुसरा व्हिडिओ जूनमधला, आणि मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. हेदर ब्रुक या पत्रकार माहिती अधिकारातून या नोंदींसाठी कोर्टात लढल्या होत्या. २००८ मध्ये हायकोर्टानं नोंदी उघड करायला सांगितलं. १८ जून २००९ ला संसदेनं त्या इंटरनेटवर टाकल्या, पण काळ्या पट्ट्या मारून. पत्ते झाकलेले. पत्ताच नसेल तर घरांची अदलाबदल दिसणार कशी? फायली आधीच फुटल्या नसत्या तर ती कुणालाच कळली नसती.

मी आमचं गॅसचं बिल घेतलं, खालच्या मजल्यावरच्या बेनकडून त्यांचं मागून आणलं, दोन्हींच्या झेरॉक्स काढल्या. जेवणाच्या टेबलावर त्या शेजारी शेजारी ठेवून मुलानं काळ्या मार्करनं नाव झाकलं, पत्ता झाकला, खाते क्रमांक झाकला. शाईचा उग्र वास, मार्करची करकर. उरली फक्त तारीख आणि रक्कम. मग त्यानं कागदांची दोनदा अदलाबदल केली आणि विचारलं, "आई, आता आपलं कुठलं?"

मला सांगता आलं नाही. तिथेच मोबाईल बंद केला.