एमटेक करू का? माझा हिशोब

गेटचा, म्हणजे एमटेकच्या प्रवेशपरीक्षेचा, निकाल लागला, स्कोअर बऱ्यापैकी आला आणि घरात दोन पक्ष पडले. बाबा म्हणतात, "मिहानमधली चांगली नोकरी काहून सोडून राहिली तू?" दादाचं म्हणणं, एमटेकला आता कोणी विचारत नाही, कोड दाखव म्हणतात. आईला फक्त होस्टेलचं जेवण दिसतं.

पैशाचा हिशोब आधी उरकते. गेटवर प्रवेश मिळालेल्यांना महिन्याला १२,४०० रुपये स्टायपेंड, म्हणजे दोन वर्षांत २,९७,६००. माझ्या हातात आज ५८,००० येतात. म्हणजे जवळपास अकरा लाखांवर पाणी, वर फी वेगळी. नुसत्या पगारवाढीसाठी एमटेक करायचं असेल तर बाबा बरोबर आहेत. त्यापेक्षा कंपनी बदलावी.

पण माझं घोडं दुसरीकडेच अडलंय. आमच्याकडे डेटाबेसमधल्या एका टेबलवरची क्वेरी (म्हणजे त्यातून माहिती शोधणारा प्रश्न), इंडेक्स (ओळी पटकन शोधून देणारी सूची) असूनही, दुपारी अक्षरशः रांगायची. सीनियर म्हणाले, "ॲनालाइझ चालव." म्हणजे टेबलाची आकडेवारी नव्याने गोळा करणारी कमांड. चालवलं, क्वेरी पळायला लागली, सगळे चहाला गेले. मी आधीचा प्लॅन, म्हणजे क्वेरी कशी चालवायची हे डेटाबेसने ठरवलेलं, उघडून बसले. डेटाबेसला वाटत होतं की या अटीत निम्मं टेबल बसेल, म्हणून तो इंडेक्स सोडून अख्खं टेबल वाचत होता. प्रत्यक्षात बसत होत्या काहीशे ओळी. त्याच्याकडची आकडेवारी शिळी झाली होती, एवढंच. पण आकडेवारी ताजी असली तरी? समजा अट आहे शहर नागपूर आणि पिनकोड ४४००१०. माणसाला कळतं की दुसरी अट आली की पहिलीला अर्थच उरत नाही. डेटाबेस मात्र सहसा दोन्ही अटी स्वतंत्र धरतो, शक्यतांचा गुणाकार करतो आणि ओळी आहेत त्यापेक्षा कमी धरून बसतो. बीईला बी-प्लस ट्री (इंडेक्सची आतली रचना) काढून मार्क घेतले, पण हे कोणी विचारलं नव्हतं. यावर आजही संशोधन चालू आहे, आणि ऑफिसात यासाठी कोणी मला सहा महिने देणार नाही. तिकिट बंद झालं की विषय बंद. (त्यात त्यांचंही चुकत नाही म्हणा.)

एमटेकचं दुसरं वर्ष बहुतेक ठिकाणी प्रबंधात जातं. मला विकत घ्यायचंय ते हे वर्ष. पहिल्या वर्षाचे विषय यूट्यूबवरही मिळतात. नुसती पदवीच हवी तर अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाचा ऑनलाइन मास्टर्स २०१४ पासून चालू आहे, नोकरी न सोडता होतो. ज्यांना इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचंय त्यांचा तर प्रश्नच नाही, एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) नियमाने त्यांना एमटेक लागतंच.

तर ठरलंय असं. सीसीएमटीचा, म्हणजे एनआयटींच्या एमटेक प्रवेशाचा, फॉर्म भरायचा, नागपूरचं व्हीएनआयटी सगळ्यात वर. त्याआधी तिथे डेटाबेसवर काम करणारं कोणी आहे का आणि विद्यार्थी घेतात का, ते प्रत्यक्ष जाऊन विचारायचं. तसं गाइड कुठेच मिळालं नाही तर यंदा राजीनामा नाही. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो, म्हणजे अजून वेळ आहे. बाबांना यातलं राजीनाम्याचं वाक्य तेवढं वाचून दाखवलं, आणि ते बरेच खुश आहेत.