सलाईन लावू नका

मॅरेथॉनचा मेडिकल तंबू म्हटलं की लोकांना वाटतं, छातीत दुखणारे रुग्ण येत असतील. ते क्वचित. स्पर्धा सुटण्याआधी, पहाटे चारच्या अंधारात, आमच्याकडे येतात ती पोटं. कुणाला मुरडा, कुणाला मळमळ, कुणी रात्रभर संडासच्या फेऱ्या मारलेला. मागणं सगळ्यांचं एकच : गोळी द्या, पळायचंय. मी फिजिशियन आहे. छत्रपती संभाजीनगरात हा तंबू बरीच वर्षं सांभाळते आहे, आणि यंदाच्या जानेवारीतला एक मुलगा अजून डोक्यातून जात नाही.

मुलगा बीडमधल्या आष्टीकडचा, पंचविशीतला. धावपटू अविनाश साबळेचं मांडवा त्याच तालुक्यातलं, त्यामुळे तिकडे पायात बूट घातलेल्या प्रत्येक पोराच्या तोंडी साबळेचं नाव असतं. याच्याही होतं. आदल्या दिवशी तो शहरात बहिणीकडे उतरला आणि दाजी संध्याकाळी त्याला शेतावर हुरड्याला घेऊन गेले. हुरडा, शेंगदाण्याची चटणी, गूळ, वर ताक. पाहुणा उद्या बेचाळीस किलोमीटर पळणार म्हणून आग्रह दुप्पट. रात्री एकपासून जुलाब. हुरड्याने झाले की ताकातल्या पाण्याने, ते मला सांगता येणार नाही आणि त्या वेळी त्याने फरकही पडत नव्हता.

"लई जुलाब व्हायलेत मॅडम. एखादी गोळी द्या की. बेचाळीसला नाव टाकलंय."

जीभ कोरडी. नाडी 104. बीपी झोपून 112, उभं केल्यावर 94. मी त्याला स्पष्ट सांगितलं की आज पळायचं नाही. जोरात पळताना शरीर रक्त पायांकडे आणि कातडीकडे वळवतं आणि आतड्यांचा वाटा अगदी नेहमीच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत उतरू शकतो. धडधाकट पोटही त्यात कुरकुरतं, इथे तर ते आधीच सोलवटलेलं. त्याने मान हलवली, "बरं मॅडम" म्हणाला, ओआरएसचा पेला निमूटपणे प्यायला. तो गेल्यावर मी आयोजकांपैकी एकांना गाठलं आणि याचा बिब, म्हणजे छातीवरचा नंबर, काढून घ्या म्हटलं. उत्तर आलं की फी भरलेली आहे, नंबर काढून घेता येत नाही, तुम्ही सल्ला द्या, निर्णय त्याचा. म्हणजे तंबूवर लाल क्रॉस लावायचा, बाहेर अँब्युलन्स उभी करायची, पण कुणाला थांबवायचा अधिकार मात्र डॉक्टरला द्यायचा नाही. पाच वाजता तो सगळ्यांबरोबर सुटला.

साडेदहाच्या सुमाराला तो विभागीय क्रीडा संकुलात पोचला. शेवटची रेषा चालत ओलांडली, मेडल घेतलं, स्वतःच्या पायांनी तंबूत आला आणि खाटेवर बसून भडाभडा ओकला. नुसतं पाणी, स्वच्छ, नितळ पाणी. मग माझ्याकडे बघून विचारलं, "हे कोणतं गाव आहे?"

ब्रदरने तोवर आरएलची, म्हणजे साध्या सलाईनची, बाटली अडकवली होती. त्याचा हात चांगला आहे, धावत्या अँब्युलन्समध्येही शीर सापडते त्याला. दाजी मागून ओरडत होते, "मॅडम, सलाईन लावा ना! रातभर जुलाब झालेत, पाणी संपलंय अंगातलं!" आजूबाजूचे चार लोकही तेच म्हणत होते. आपल्याकडे सलाईनवर जेवढा विश्वास आहे तेवढा डॉक्टरवर नाही. तिशीतला एक डॉक्टर मदतीला होता, त्यानेही बाटलीकडे हात नेला. मी म्हटलं, फक्त सुई घाला आणि लॉक करा. काही सुरू करायचं नाही.

कारण तपासणी पाणी संपल्याच्या गोष्टीशी जुळत नव्हती. तापमान आम्ही काखेत घेत नाही, पळून आलेल्या माणसाची काख थंड लागते आणि आत उष्माघात चालू असू शकतो. गुदद्वारातून घेतो, पडदा लावून. 37.9 आलं, म्हणजे उष्माघात नाही. साखर 108. बीपी 126, नाडी 82. आणि जीभ ओली! सकाळी पाण्यावाचून सुकलेला मुलगा साडेपाच तास पळून आल्यावर सकाळपेक्षा भरलेला दिसत होता. मग त्याच्या मनगटाकडे लक्ष गेलं. घड्याळाचा रबरी पट्टा कातडीत रुतला होता. मी तो सोडवला, तर खाली नक्षीसकट खोल वळ उमटलेला, आणि पट्ट्यावर झिजून मोठं झालेलं रोजचं भोक दोन घरं मागे राहिलेलं. पहाटेपासून लघवीला गेलास का, असं विचारलं. आठवेना. दाजींनी त्याच्या कमरेची पिशवी उघडली तर त्यात जुलाब थांबवायच्या आणि दुखणं दाबायच्या गोळ्यांच्या पट्ट्या निघाल्या. दोन्ही अर्ध्या रिकाम्या.

रक्तातलं सोडियम, म्हणजे मीठ, उतरलं असणार, याची मला जवळजवळ खात्री झाली. बोस्टनच्या 2002 च्या मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त शेवटी तपासलं, तेव्हा 13 टक्के लोकांचं सोडियम खाली आलेलं होतं. ते वाचल्यापासून 3 टक्के, म्हणजे नेहमीच्यापेक्षा खारट (हायपरटॉनिक), सलाईनच्या 100 मिलीच्या बाटल्या मी स्वतःच्या बॅगेतून नेते. तंबूच्या यादीत त्या नसतात. जागेवर सोडियम मोजणारं हातातलं यंत्र मी दरवर्षी मागते. तेही नसतं, फुगे आणि डीजे मात्र असतात.

तरीही घोळ होताच, आणि ही केस मला अजून छळते ती त्यामुळेच. सोडियम दोन वाटांनी उतरू शकतं. जुलाबातून मीठ आणि पाणी दोन्ही गेलं असेल तर साधं सलाईन हेच औषध. पण पाणी अंगातच साठून मीठ पातळ झालं असेल, तर मेंदू सुजतो आणि तीच बाटली ती सूज वाढवू शकते. या मुलाच्या बाबतीत दोन्ही खरं होतं : रात्री पहिलं, सकाळपासून दुसरं. मळमळ हा मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवायला लावणारा फार जबर इशारा असतो आणि दुखण्याच्या गोळ्या तो आणखी पक्का करतात. बिघडलेलं पोट असं दोन्हीकडून मारतं. मीठ बाहेर टाकतं आणि पाणी आत कोंडतं. 3 टक्क्यांची एक बाटली या दोन्ही प्रकारांत चालते, चुकली तरी नुकसान नगण्य. तरुण डॉक्टर म्हणाला, "रिपोर्टशिवाय हायपरटॉनिक?" वर्गातलं शिक्षण त्याच्या बाजूने होतं. मी काही बोलायच्या आतच मुलाचे डोळे फिरले आणि त्याला झटका आला.

शंभर मिली, दहा मिनिटांत. मग दुसरी बाटली जालना रोडवर अँब्युलन्समध्ये. झटका थांबला होता, पण तो घोरत होता आणि मी त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या बघत बसले होते. हॉस्पिटलात ब्लड गॅसच्या मशीनवर दोन मिनिटांत सोडियमचा आकडा आला : 121, फारच खाली. तोही दोन बाटल्या गेल्यानंतरचा.

संध्याकाळी 128 झालं आणि लघवीचा धडाका सुरू झाला. तसं झालं की आम्ही निर्धास्त होतो. दुसऱ्या दिवशी तो उठून बसला, तेव्हा मी खुर्ची ओढून त्याला सगळा रस्ता परत चालवला. प्रत्येक पाणपोईवर दोन पेले साधं पाणी. तहान नव्हती, पण जुलाबात पाणी पीत राहायचं हे लहानपणापासून ऐकलेलं, आणि रस्त्यावर पोरं पोरी ओरडत होत्या, "पाणी घ्या, पाणी घ्या!" त्यांना मी दोष देणार नाही. टँकरची वाट बघत वाढलेली माणसं आहोत आपण. दारात आलेल्याच्या हातात आधी तांब्या जातो. जास्त पाण्याने माणूस मरू शकतो हे मराठवाड्यात कुणाच्या गळी उतरवणं फार अवघड आहे.

दोष आहे तो जारचा. बायपासवर ओआरएसचा स्टॉल होता, त्यानेही तिथे पेला घेतला होता. मी नंतर चौकशी केली. वीस लिटरच्या जारमध्ये दोन पुड्या! मोठी पुडी एक लिटरची असते. 1971 मध्ये बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या (कॉलऱ्याच्या) रुग्णांना मीठ-साखरेचं पाणी पाजून वाचवलं, त्यामागची सगळी करामत प्रमाणात आहे. साखर सोडियमला आतड्याच्या भिंतीतून आत नेते आणि त्यांच्यामागे पाणी जातं. वीस लिटरला दोन पुड्या म्हणजे नाव ओआरएसचं आणि आत जवळपास साधं पाणी. त्यावर विसंबून एक मुलगा तासन् तास पळतो.

तरुण सहकाऱ्याशी माझं यावर दोनदा बोलणं झालं. त्याचं म्हणणं मला खोडता आलेलं नाही. तो म्हणतो, बिब काढला असता तर हा पोरगा बिबशिवाय पळाला असता, आणि कुठल्यातरी शेताच्या बांधाला पडला असता, जिथे तुम्ही नसता. असेलही. चार महिने कालव्याच्या रस्त्यावर पहाटे सराव केलेला मुलगा होता तो. शुद्धीवर आल्यावर त्याने पहिल्यांदा वेळ किती लागला ते विचारलं. पण मला वाटतं, नंबर काढून घेताना दाजी शेजारी उभे असते तर त्यांनी त्याला हाताला धरून घरी नेलं असतं. हुरड्याचा आग्रह करणारा माणूस घरी चलण्याचाही आग्रह करू शकतो. त्यांना कुणी सांगितलंच नाही, कारण सांगायची पद्धतच नाही.

समितीला पत्र दिलं आहे. यंत्र घ्या, ओआरएस कालवणाऱ्यांना आदल्या दिवशी माझ्यासमोर जार भरून दाखवायला लावा, आणि तंबूतल्या डॉक्टरने बिबवर लाल मार्करने फुली मारली तर तो धावपटू सुटण्याच्या रेषेवर थांबवा. पहिल्या दोन गोष्टी मान्य झाल्या. तिसरीवर "बघू" म्हणाले. पुढच्या बैठकीला मी दाजींना बरोबर नेणार आहे, ते यायला तयार आहेत.