एकच कॅमेरा, तीन नावं

मागे सेकंडहँड कॅमेरा शोधत होतो तेव्हा ७००डी घेऊ की रेबेल टी५आय यावर मी अख्खी संध्याकाळ घालवली, सॅम्पल फोटो झूम करकरून बघितले आणि मला तर चक्क टी५आयचे रंग जास्त आवडले! मग कळलं की दोन्ही एकच. कॅननचा २०१३ चा तोच कॅमेरा अमेरिकेत रेबेल टी५आय, जपानमध्ये किस एक्स७आय आणि युरोपात ७००डी. हसा आता.

हे आजचं नाही म्हणा. मिनोल्टाचे फिल्म कॅमेरे अमेरिकेत मॅक्सम, युरोपात डायनॅक्स आणि जपानमध्ये अल्फा होते, त्यातलं अल्फा पुढे सोनीकडे गेलं आणि जगभर तेच चाललं.

नाव वेगळं ठेवण्यात जाहिरातीचा भाग असतोच, पण मला वाटतं खरा फायदा वेगळाच आहे, एका देशातला स्वस्त माल दुसऱ्या देशात कोणी आणून विकला की तो नावावरूनच ओळखू येतो, आणि मग वॉरंटीचा प्रश्न आला की तुम्ही अडकलात.

फीचर्सचं मात्र नुसतं मार्केटिंग नाही. बऱ्याच कॅमेऱ्यांत व्हिडिओ २९ मिनिटं ५९ सेकंदांना बंद पडायचा, लोक म्हणायचे सेन्सर तापतो म्हणून, तापतो तो तापतोच पण हा आकडा आला कस्टममधून! युरोपियन युनियनमध्ये सलग ३० मिनिटं रेकॉर्ड करणारा कॅमेरा व्हिडिओ कॅमेरा धरला जायचा आणि त्यावर जास्त ड्युटी, मग एक सेकंद कमी केला की झालं. कर वाचवायला सेकंद कापणारा तो जो कोणी असेल त्याला माझा नमस्कार.

पाल आणि एनटीएससी या व्हिडिओच्या दोन पद्धती, त्यांचं मूळ विजेत आहे. जिथे वीज ५० हर्ट्झची तिथे सेकंदाला २५ किंवा ५० फ्रेम, ६० हर्ट्झ असेल तिथे ३० किंवा ६०, उलटं केलंत तर ट्यूबलाइटखाली व्हिडिओ लुकलुकतो. आता बहुतेक कॅमेऱ्यांत हे मेनूतून बदलता येतं, म्हणजे मेनू वाचता आला तर, कारण सोनीच्या खास जपानसाठी बनवलेल्या बऱ्याच कॅमेऱ्यांत भाषा एकच, जपानी! स्वस्तात मिळतोय म्हणून उडी मारण्याआधी विकणाऱ्याकडून भाषेच्या मेनूचा फोटो तेवढा मागवून घ्या.