गोळी आधी की चहा आधी

माझी इच्छा होती की मला थायरॉइड निघावा. नऊ वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर रात्रपाळी केली आणि त्यात ५८ किलोची मी ७१ किलोची झाले. याचा दोष कुणावर तरी ढकलायचाच होता. स्वतःवर ढकलण्यापेक्षा गळ्यातल्या ग्रंथीवर ढकललेला बरा.

लक्षणं तशी होतीच. मे महिन्यात एसीखाली शाल. साखरपुड्याची अंगठी बोटात रुतलेली, साबण लावूनही निघेना. कंगव्यात केसांचा पुंजका. बद्धकोष्ठता, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही. आवाजही घोगरा झाला होता, फोनवर वार्ताहर मला ‘सर’ म्हणायला लागले. शेवटी शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, “अगं, थायरॉइडची ती टीएसएच तपासणी तरी करून बघ.”

रात्रपाळी संपवून, घरी न जाता, सकाळी सातला रक्त दिलं. टीएसएच १४.६ आला, म्हणजे चांगलाच वाढलेला. मी जवळजवळ आनंदानंच डॉक्टरांकडे गेले. रिपोर्ट बघायच्या आधी त्यांनी विचारलं, “आदल्या रात्री झोपला होतात का?” टीएसएच रात्री चढतो आणि जागरण झालं की आणखी चढतो, हे मला तेव्हा कळलं. सुट्टीच्या दिवशी, झोप झाल्यावर पुन्हा तपासा, म्हणाल्या. दुसऱ्यांदा १२.१. म्हणजे थोडा जागरणाचा, बाकी खरा. अँटी-टीपीओ, म्हणजे थायरॉइडविरुद्धची अँटीबॉडीही वाढलेली होती. शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर उलटलेली. हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी १९१२ साली या दुखण्याचं वर्णन केलं, त्यांच्याच नावानं ते ओळखलं जातं.

नातेवाइकांत या आकड्याचा मोठा गोंधळ असतो. “टीएसएच वाढलाय म्हणजे थायरॉइड जास्त झालं ना?” उलट आहे. टीएसएच थायरॉइडचं हार्मोन नव्हेच, ते मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी सोडते. थायरॉइड ढिली पडली की पिट्युटरी तिच्यावर आणखी जोरात ओरडते. रिपोर्टवरचा आकडा त्या ओरडण्याचा. (मामेबहिणीनं कोबी-फ्लॉवर बंद करायला सांगितलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, शिजवून जेवणात असतो तेवढा खुशाल खा.)

मग मी मुद्द्यावर आले. “गोळी सुरू केली की तेरा किलो जातील ना?”

“दोन-तीन जातील,” त्या म्हणाल्या. “तेही बरंचसं साठलेलं पाणी आणि मीठ. उरलेले दहा तुमचे.”

दहा तुमचे! घरी येईपर्यंत रिक्षात मी बोलले नाही.

गोळी थायरॉइड हार्मोनची, ५० मायक्रोग्रॅमची, तिचा रुबाब मात्र पाटलाचा. रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर. नंतर पाऊण-एक तास काही नाही, चहासुद्धा नाही. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर चार तासांचं अंतर. मी उठायचे अकराला आणि सासूबाई चहा गाळून ठेवायच्या. गोळी गिळायची आणि दोन घोट घ्यायचे. दोन घोटांनी काय होतंय! नाश्त्यानंतर कॅल्शियमची गोळी, कारण ती लक्षात राहायची.

आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी. इतकी वाट बघावी लागते, कारण हे औषध अंगातून निम्मं व्हायलाच आठवडाभर घेतं आणि पातळी स्थिरावायला दीड-दोन महिने लागतात. टीएसएच १०.४. मला वाटलं, आता डोस वाढणार. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “गोळी कशी घेता, ते सकाळपासून सांगा.” मी सांगितलं. दोन घोटही सांगितले.

“तुमची सकाळ अकराला होते ना? मग झोपताना घ्या. फक्त शेवटचं खाऊन तीन तास झालेले हवेत.”

सोपं वाटलं. घरी येऊन हिशेब मांडला. आमच्याकडे डाक आवृत्ती दहाला सुटते, शहर आवृत्ती एकला. शेवटचं पान सोडलं की ऑफिसबॉय वडापाव आणतो, गरम, बरोबर तळलेली मिरची. दोन तर होतातच, कधी तिसरा. सव्वादोनला घरी, तीनला झोप. तीनला गोळी घ्यायची तर बारानंतर तोंडात काही घालायचं नाही. म्हणजे एकचा वडापाव गेला. मला कुणी पथ्य सांगितलंच नव्हतं, तीन तासांच्या गणितानंच तो काढून घेतला.

डाक आवृत्ती सुटल्यावर दहाला डबा खायला लागले. पोळी, उसळ, काकडी. पहिला आठवडा वाईट गेला. एकच्या ठोक्याला पोटात कालवाकालव, तोंडाला पाणी, समोरच्या मथळ्यातलं काही दिसेना. गंमत म्हणजे या भुकेवरचा लेख मीच एकदा पुरवणीसाठी कापला होता, दोन कॉलमांत बसावा म्हणून, आणि तोही वडापाव खाता खाता. २००४ सालचा शिकागोतला अभ्यास होता. १२ तरुण पुरुष, दोन रात्री चार-चार तासच झोप. पोट भरल्याची वर्दी देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं, भूक चाळवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढलं आणि मन धावलं ते गोड, खारट, पिठूळ पदार्थांकडे. बाराच माणसं म्हणजे अभ्यास तसा लहानच. पण तेरावी मी होतेच.

घ्रेलिन सवयीच्या वेळेआधी हजर होतं, हे मी त्या कापलेल्या भागात टाकून दिलं होतं. रोज एकला खाणाऱ्याला ते साडेबारालाच बोलावू लागतं. दोनेक आठवड्यांनी माझं बोलावणं मंदावलं. शिवाय तोच वडापाव सकाळी खाल्ला तर साखर जेवढी चढेल, त्याहून रात्री जास्त चढते. इन्सुलिनचं काम रात्री सुस्तावतं.

झोपेचं काम मात्र गोळीइतकं सोपं नव्हतं. मी तीन ते साडेसहा झोपायचे, मुलीचा डबा करायचे, शाळेची बस गेली की पुन्हा आडवी. मोजले तर सहा तास भरायचे, पण तुकड्यांचे. नवऱ्याला सांगितलं, डबा तू. पहिल्या दिवशी त्यानं मुलीला जॅम-पोळी दिली, ती खूश. खिडकीला काळा पडदा लागला. सगळ्यात मोठं काम सासूबाईंनी केलं. दूधवाल्याला, कचरेवालीला, शेजारच्या काकूंना, सगळ्यांना बजावलं: दहापर्यंत बेल वाजवायची नाही. “सून अजून झोपलीय?” असं काकूंनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, “तुम्ही सकाळी जो पेपर वाचता ना, तो रात्री ती करते.”

पुढच्या तपासणीत टीएसएच ३.२. डोस तोच. वजन ६९. सहा महिन्यांनी ६६ आणि बराच काळ तिथेच अडकलेलं. यात गोळीचे किती, वडापावचे किती, झोपेचे किती, हे वेगळं काढता येणार नाही. अंगठी आता निघते. ५८ ची मी परत येणार नाही, हे मी मान्य केलंय, बहुतेक.

परवा निवडणूक निकालाची रात्र होती. पानं तीनदा बदलली, अडीचला सुटली, आणि मी उभ्या उभ्या दोन वडापाव खाल्ले. घरी आले तेव्हा साडेतीन. गोळी न घेता झोपले.

अकराला उठले तर सासूबाई कप घेऊन दारात.

“गोळी झाली?”

“नाही. आत्ता घेते.”

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, कप ओट्यावर ठेवला आणि त्यावर बशी झाकली.