झँगिफला जागा कुठे द्यायची?

गणपती विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी पावसाने सकाळपासून धरून ठेवलं होतं. लाईट गेलेली. ताईची मुलगी डोंबिवलीहून आली होती, तिचं परतीचं तिकीट दोन दिवसांनंतरचं. मोबाईलची बॅटरी संपली तशी ती पडवीत माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "मामा, सगळ्या फायटिंग गेममधली माणसं एकाच गेममध्ये आणायची ठरवली तर तू कोणाकोणाला घेशील?"

तिला काय माहीत, हा प्रश्न मी सातवीपासून डोक्यात घेऊन फिरतोय. दुकानाची जुनी हिशेबाची वही काढली, मागची पानं कोरी होती, आणि बसलो.

अशी सरमिसळ काही नवी नाही. १९९४ साली एसएनके कंपनीने आपल्याच वेगवेगळ्या गेममधले लढवय्ये तिघातिघांच्या संघांत बसवून 'किंग ऑफ फायटर्स' काढला. १९९६ मध्ये कॅपकॉम या दुसऱ्या गेम कंपनीने मार्व्हल कॉमिक्समधल्या एक्स-मेनवाल्यांना आपल्या लोकांसमोर उभं केलं. २००० सालच्या 'मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम २' मध्ये तर ५६ जण होते. पण त्या ५६ जणांचं काय झालं? स्पर्धांमध्ये बघावं तर मॅग्नेटो, स्टॉर्म, सेंटिनेल आणि केबल. बाकीचे बहुतेक नुसते चित्रात. मला हे फार लागतं. एखाद्याला घरी जेवायला बोलवायचं आणि पानच मांडायचं नाही, असं झालं हे.

म्हणून मी भाचीला पहिल्याच फटक्यात सांगितलं, बारा. त्यावर एकही नाही.

बाराच का, तर माझ्या डोक्यात दशावताराची मंडळी होती. आमच्याकडे जत्रेला पालखी झाली की रात्री नाटक उभं राहतं. मंडळीत माणसं मोजकी, साधारण डझनभर, त्यातच पखवाज आणि पेटीवाला. लिहिलेली संहिता नसते. आज एक आख्यान, उद्या दुसरं, पण माणसं तीच. ते कसं जमतं? कारण मंडळी उभी करताना नावं बघत नाहीत, पार्ट बघतात. राजाचा पार्ट कोण करेल, स्त्रीपार्टी कोण, राक्षस कोण, हसवणारा कोण. दोन राजे घेऊन राक्षस विसरलात तर रात्र निघत नाही. लोक गेमची यादी करतात तेव्हा आवडत्यांची नावं लिहीत सुटतात. मी आधी पार्ट लिहिले आणि त्यापुढे मोकळी जागा सोडली.

पहिला पार्ट मापट्याचा. तांदूळ मोजायला घरात एक मापटं लागतं, तसा एक लढवय्या लागतो, ज्याच्यावरून बाकी सगळे मोजता येतात. तो 'स्ट्रीट फायटर'मधला रियू. लांबून गोळा फेकतो, वरून कोणी आलं तर उसळी मारून ठोसा देतो, आणि फिरती लाथ. बस. खाली, तिरकं, पुढे आणि ठोसा, एवढं बोटांना समजलं की माणसाला अख्खा प्रकार समजला. भाचीला तो कंटाळवाणा वाटतो. वाटू दे. मापटं कोणाला सुंदर दिसत नाही, पण त्याच्याशिवाय कोठी चालत नाही.

आता धालसिम. तो भारतातला म्हणून घेतला असं कोणी समजू नये. १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर २' मधल्या निवडता येणाऱ्या आठ जणांत तो होता, त्याच्या रंगमंचावर मागे हत्ती उभे असायचे, गळ्यात कवट्यांची माळ. आम्ही पोरं त्याला 'योगा' म्हणायचो. मी त्याला पकडलं ते एका बटणापायी.

वेंगुर्ल्याला लहानपणी एका व्हिडिओ गेम पार्लरमध्ये 'स्ट्रीट फायटर २' ची मशीन होती. एक रुपयाचं नाणं, एक डाव. सहा बटणं, तीन ठोशांची, तीन लाथांची, हलकी ते जोरदार. मोठी पोरं पहिल्या बाजूला उभी राहायची, आमच्या वाट्याला दुसरी बाजू, आणि तिथलं जोरदार लाथेचं बटण मेलेलं. दाबलं की आत जायचं आणि तिथेच रुतून बसायचं, नखाने उचकटून वर काढावं लागायचं. मालकाला दहादा सांगितलं, त्याने कधी हात लावला नाही. आज मी मोबाईल दुरुस्त करतो, रोज चार्जिंगची गंजलेली तोंडं ब्रशने साफ करतो, तेव्हा कळतं की त्या बटणाखालची तांब्याची पट्टी खाऱ्या हवेने हिरवी पडली असणार. दोन मिनिटांचं काम होतं.

तर लाथ नाही, मग ठोशावर जगणारा कोण? धालसिम. त्याचा हात अर्ध्या पडद्यापर्यंत लांबतो. आग ठोशावर निघते. त्याच गेममधला ब्लांकासुद्धा तसाच, म्हणून तोही यादीत; ठोशाचं बटण बडव बडव बडवलं की अंगातून वीज निघते, आणि मग त्याला हात लावायची कोणाची टाप नाही. या दोघांवर मी दोन वर्षं काढली. आणि त्या दोन वर्षांत समजलं की धालसिमचा लांबलेला हात ही त्याची ताकद आहे आणि तोच त्याचा दुखरा भाग. हात बाहेर असताना समोरच्याने त्या हातावरच मारलं तर मार अंगाला बसतो. जो लढवय्या आपल्या ताकदीतूनच हरू शकतो, तो यादीत हवाच. हा माझा सगळ्यात मोठा नियम आहे.

याच नियमावरून भाचीशी वाद झाला. तिला आरवलीचा ग्रामदेव वेतोबा हवा होता. "केवढा उंच आहे मामा, आणि रात्री गावात फिरतो, म्हणून तर लोक त्याला चामड्याच्या चपला देतात. काय भारी दिसेल!" आई आत तांदूळ निवडत होती, तिथूनच म्हणाली, "देवाक हरयतलस रे?"

आईने एका वाक्यात माझं काम केलं. गेममध्ये घेतलेला प्रत्येक जण कधी ना कधी हरणार. कोणीतरी नवशिका पोरगा त्याला घेऊन खेळणार आणि तीन मिनिटांत आडवा करून घेणार. जो राखणदार आहे, ज्याच्या नावाने माणसं रात्री निर्धास्त झोपतात, त्याला मी तसं पडलेलं बघू शकत नाही. भाची म्हणाली, मग दशावतारात विष्णू लढतोच की. लढतो, पण तिथे तो जिंकणार हे पहाटेपर्यंत बसलेल्या प्रत्येकाला आधीच ठाऊक असतं. गेममध्ये तसं ठाऊक असून चालत नाही.

संकासूर मात्र चालतो. नाटकाच्या आधीच्या भागात, म्हणजे आडदशावतारात, येतो तो, काळा वेष, वेडंवाकडं नाचत, मालवणीत टोमणे मारत. ब्रह्मदेवाचे वेद चोरतो आणि शेवटी विष्णूच्या हातून मरतो. हरणं हा त्याचा पार्टच आहे आणि तरी पोरं त्याचीच वाट बघतात. त्याचा डाव वहीत असा लिहिला: जवळ जाऊन पकडलं की तो समोरच्याची एक खास चाल चोरतो, दहा सेकंद ती याच्याकडे. रियूचा गोळा संकासुराच्या हातात, आणि रियू मोकळ्या हाताने उभा. मापटंच चोरीला गेलं! पण चोरलेली चाल वापरली नाही तर दहा सेकंदांनी मालकाला परत, दुप्पट जोरात.

राक्षसाच्या पार्टाला गीस हॉवर्ड. तो 'फेटल फ्युरी'मधला खलनायक, आणि त्याची गंमत अशी की तो तुमच्या हल्ल्याची वाट बघत उभा राहतो. तुम्ही मारलंत की तोच हात धरून तुम्हाला भिरकावतो. दशावतारात चांगला राक्षस करणारा कलाकार असाच असतो. प्रवेश झाल्यावर लगेच ओरडत नाही. आधी गप्प उभा राहतो, लोकांना घाबरायला वेळ देतो.

'स्ट्रीट फायटर २' मधला गाईल घेतला तो धीरासाठी. मागे दाबून ठेवा, थांबा, मग पुढे आणि ठोसा. वल्हं मागे घेतल्याशिवाय होडी पुढे जात नाही तसं. मोकुजिन घेतला 'टेकन ३' मधला, अख्खा लाकडाचा, दर फेरीला दुसऱ्याचीच लढण्याची पद्धत उचलणारा. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी बघत मोठा झालेला माणूस त्याला सोडणार कसा? आणि 'स्ट्रीट फायटर २' मधली चुन-ली, तिच्याबद्दल काही सांगायला नको.

इथे भाचीने पेन काढून घेतलं. "बायका किती झाल्या?" मोजल्या. एक. मी गप्प झालो. खरंच गप्प झालो, कारण पार्ट लिहिताना मी स्त्रीपार्टी एकच धरली होती, नाटकमंडळीत तसंच चालतं म्हणून. तिने शाओयूचं नाव लिहिलं. मी म्हटलं, का? ती म्हणाली, "ती समोरच्याकडे पाठ करून लढते. पाठ केली म्हणजे हरली असं त्याला वाटतं." हा पार्ट माझ्या यादीत नव्हताच. 'टेकन ३' पासून ती आहे, मी शंभरदा तिच्याशी खेळलोय, आणि हे मला दिसलं नव्हतं.

ब्लांकाला धरून गेमवाले आठ झाले, आमच्याकडचा एक. राहिले तीन.

पिंगुळीची कळसूत्री बाहुली माझ्या मनात पक्की होती. कुडाळहून अगदी जवळ आहे पिंगुळी. तिथल्या ठाकर समाजाने चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगणं, आणि बाहुल्यांचा खेळ जपला, परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. फायटिंग गेममध्ये असा पार्ट आहेच: एक माणूस, पण दोन शरीरं. 'गिल्टी गिअर'मध्ये सावली सोडून लढणारा एडी आहे. खेळायला भयंकर अवघड, कारण बटण दाबताना नाही, सोडताना सावली चाल करते. सूत्रधाराचंही तसंच. दोरा ओढल्यावर बाहुलीचा हात उठतो हे कोणालाही जमेल. ढील किती द्यायची, त्यात खेळ आहे. म्हणून बाहुलीवाला. तो मागे बसून राहतो, बाहुली पुढे लढते, आणि बाहुलीला ओलांडून कोणी त्याच्यापर्यंत पोचलं तर त्याच्याकडे काहीही नाही.

दुसरा पाडेली. माडावर चढून नारळ पाडणारा, कमरेला आकडी, आकडीत कोयती. 'स्ट्रीट फायटर २' मध्ये व्हेगा आपल्या रंगमंचावरची जाळी चढायचा, पण फक्त आपल्याच. आमचा पाडेली पडद्याची कड धरून कुठेही चढेल. वर गेल्यावर त्याला मारता येणार नाही, पण त्यालाही एकच गोष्ट करता येईल, खाली पाडणं. आणि उतरताना तो हळू उतरेल. घाईने उतरणारा पाडेली मी तरी पाहिलेला नाही.

तिसरी रापण. हिच्यावर आमची सगळी दुपार गेली. होडी किनाऱ्यावरून निघते, जाळं सोडत सोडत समुद्रात अर्धं वर्तुळ घेते आणि दुसरीकडे किनाऱ्याला लागते. मग दोन्ही टोकांचे दोर धरून पन्नास-पन्नास माणसं ओढत बसतात. आता बघा: पकडून आपटणाऱ्या बऱ्याच लढवय्यांची चाल गेममध्ये अशीच असते, मशीनची काठी (जॉयस्टिक) अर्ध्या वर्तुळात फिरवायची आणि बटण. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी उभाच राहिलो. हाताने जी चाल करायची तीच चाल होडीची! मी रापणकर लिहिलं. भाचीने खोडून 'रापणीची मावशी' केलं, कमरेला ओचा खोचलेली, आणि तेच बरोबर आहे. जाळं समोरच्यामागे पडतं, आणि तो हळूहळू ओढला जातो. एका झटक्यात नाही. त्याला सुटायला वेळ असतो, तो सुटत नाही.

पण मग झँगिफ गेला. पकडणाऱ्याचा पार्ट एकच. 'स्ट्रीट फायटर २' मधला तो रशियन पैलवान, काठी पूर्ण गोल फिरवून, ठोसा दाबून, समोरच्याला उचलून आपटायचा. ती चालही ठोशावरच होती, मेलेल्या बटणाच्या काळात त्यानेही मला वाचवलंय. गोल फिरवताना तो उडी मारायचा आणि फजिती व्हायची, ती चाल पहिल्यांदा जमली त्या दिवशी मी बंदरापासून घरापर्यंत पळत आलो होतो. त्याच्या नावावर रेघ मारताना वाईट वाटलं. एक पार्ट, एक माणूस, नियम माझाच.

आवाजाचं एक सांगायचं राहिलं. दशावतारातल्या युद्धात तलवारी एकमेकींना नीट लागतही नाहीत. घाव ऐकू येतो तो पखवाजातून आणि झांजेतून. वादक लढणाऱ्याच्या खांद्याकडे बघत असतो, हात खाली यायला आणि थाप पडायला एकच क्षण. चांगल्या फायटिंग गेममध्ये फटका बसला की दोघंही काही फ्रेम जागीच गोठतात, सेकंदाला साठ फ्रेम असतात त्यातल्या काही. डोळ्याला कळत नाही, पण घाव पोचतो. आमच्या गेममध्ये त्या गोठलेल्या फ्रेमवर पखवाजाची थाप असेल, दुसरं संगीत नको.

भाची गेली. दुकानात बसून वही उघडली तर मागच्या पानावर तिने रंगमंच काढला होता. मालवणचा किनारा, मागे पाण्यात सिंधुदुर्ग, आणि वाळूवर रापणीचा दोर धरून माणसांची रांग. सगळी काड्यांची माणसं, एकसारखी. फक्त शेवटून तिसरा आडदांड, दाढीवाला, छातीवर केस, पाय वाळूत रोवून मागे कललेला. खाली बाण करून लिहिलंय, 'झँगिफ. हा दोर ओढतोय.'